हिशेब बरोबर आहे

गणित हा विषय नीतीच्या कक्षेबाहेरचा आहे असें आपण सर्वच जण धरून चालतों. दोन आणि दोन चार हें साधूलाहि खरें आणि चोरालाहि खरें. त्यांत पुण्य नाहीं आणि पापहि नाहीं. इतिहासाच्या शिक्षकाकडून पक्षपात होऊं शकतो, वाङ्मयाच्या शिक्षकाकडून एखाद्याची रुचि बिघडूं शकते. गणिताच्या शिक्षकाच्या हातून फार तर फळ्यावर एखादें चिन्ह चुकेल, आणि तेंहि पुढच्या बाकावरचा मुलगा तत्काळ दाखवून देईल. या समजुतीच्या सावलींत आम्हीं अठ्ठावीस वर्षें सुखानें काढलीं. वाणिज्य आणि अर्थशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांच्यापुरतें गणित शिकविणें हा आमचा व्यवसाय आहे. ही समजूत कितपत खरी आहे याचा विचार करण्याची पाळी आमच्यावर एका प्रसंगानें आणली. प्रसंग लहान आहे, आणि त्यांत आमची बाजू फारशी चांगली दिसत नाहीं; तरी तो सांगितल्यावांचून पुढचें बोलणें पोकळ होईल.

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहा हें आमचें तालुक्याचें गांव आहे. भोंवतालचा मुलूख बहुतेक कोरडवाहू; ज्वारी, तूर, कापूस आणि अलीकडे सोयाबीन यांवर चालणारा. आमच्या वर्गांत बसणारे विद्यार्थी याच शेतांतून येतात, सकाळच्या एस. टी. नें येतात आणि दुपारच्या एस. टी. नें परत जातात. त्यांतल्या पुष्कळांनीं दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला असतो. किंबहुना वाणिज्य शाखा त्यांनीं घेतलेली असते ती गणित टळावें म्हणूनच. आणि मग पदवीच्या वर्गांत तेंच गणित ‘व्यावसायिक गणित’ असें नवें नांव घेऊन दारांत उभें राहतें. शेंकडेवारी, सरळ व्याज, चक्रवाढ व्याज, हप्त्यांचे हिशेब, लघुगणक, मॅट्रिक्स, थोडेंसें विकलन आणि त्यावरून कमाल नफा व किमान खर्च काढण्याच्या रीति. अभ्यासक्रम ठिकठिकाणीं थोडाफार बदलतो, पण सांगाडा हाच. पहिल्या आठवड्यांत ‘सर, हें कशाला?’ हा प्रश्न ठरलेला, आणि ‘जन्मभर उपयोगीं पडेल’ हें आमचें उत्तरहि ठरलेलें.

वास्तविक या भागाला हिशेब नवा नाहीं. आमच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकीपासून औटकीपर्यंतचे पाढे तोंडपाठ असत. त्यांच्या काळीं निजामी राज्यांत हाली रुपया चाले, आणि इंग्रजी मुलखांतल्या रुपयाला कलदार म्हणत. सहा कलदारांना सात हाली हा भाव. बाजारांत उभा असलेला निरक्षर माणूससुद्धां हे सातांचे सहा आणि सहांचे सात मनांतल्या मनांत करीत असे. हाली नाणें १९५९ सालीं व्यवहारांतून कायमचें गेलें, आणि पुढें ती तोंडची तयारीहि गेली. आमचा विद्यार्थी मोबाइल काढतो. आम्हीहि काढतों, हें कबूल केलें पाहिजे.

आतां तो प्रसंग. सात-आठ वर्षांपूर्वींची गोष्ट. चक्रवाढ व्याजाचें प्रकरण चाललें होतें. तास संपत आला असतां मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. वर्षभरांत तो कधीं बोललेला आम्हांस आठवत नव्हता. म्हणाला, ‘‘सर, मुद्दल पन्नास हजार, दरमहा शेंकडा तीन, चोवीस महिने. व्याजावर व्याज धरून किती होतात?’’ शिक्षकाला याहून अधिक काय पाहिजे? मुक्या बाकाला वाचा फुटली होती, आणि तीहि चालू विषयावर. आम्हीं मोठ्या उत्साहानें फळा पुसला. १.०३ चा चोविसावा घात २.०३२८, मुद्दलाशीं गुणून १,०१,६४०. दोन वर्षांत दामदुप्पट होऊन वर सोळाशें चाळीस! चक्रवाढीचा वेग समजावून देण्यास इतकें सुबक उदाहरण आम्हांस पाठ्यपुस्तकांतहि मिळालें नव्हतें. सरळ व्याजानें हेच शहाऐंशी हजार झाले असते, तेंहि आम्हीं बाजूला लिहून दाखविलें. मुलानें खिशांतून घडी केलेला एक कागद काढून पाहिला आणि म्हणाला, ‘‘इथं एक लाख एक हजार सहाशें लिहिलेत.’’ ‘‘मग चाळीस रुपये सोडलेच आहेत,’’ आम्ही म्हणालों. ‘‘हिशेब बरोबर आहे.’’ वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला. तास संपला.

तो कागद कशाचा हें पुढें त्याच्याच गांवच्या एका मुलीकडून कळलें. विहिरीच्या कामासाठीं घरीं काढलेलें तें कर्ज होतें. बँकेंत जुनी थकबाकी असल्यामुळें तिकडचें दार बंद. देणारा गांवचाच, परवाना नसलेला. त्यानें मागितलेली रक्कम फुगविलेली आहे असा बापाला संशय होता, आणि कॉलेजांत विचारून ये असें सांगून त्यानें मुलाला पाठविलें होतें. मुलानें घरीं जाऊन निरोप सांगितला तो आमच्याच शब्दांत: प्रोफेसरांनीं फळ्यावर करून दाखविलें, हिशेब बरोबर आहे. त्या हिंवाळ्यांत घरची बैलजोडी विकली गेली.

आणखीहि एक गोष्ट मागाहून कळली. कागदावर पन्नास हजार होते खरे, पण पहिल्या महिन्याचें व्याज आधींच कापून घेऊन बापाच्या हातांत ४८,५०० च ठेवले होते. मुद्दल ४८,५०० धरलें असतें तर त्याच दरानें आणि त्याच चक्रवाढीनें उत्तर ९८,५९० आलें असतें. सावकारानें सोडलेल्या चाळीस रुपयांचें आम्हीं भर वर्गांत कौतुक केलें. तीन हजार कोठें गेले तें विचारलें नाहीं.

आपल्या भाषेंत ‘बरोबर’ हा शब्द दोन घरें धरून राहतो. उत्तर बरोबर आहे असें म्हणतांना आपण एक सांगतों. आणि ‘तुम्हीं हें केलेंत तें बरोबर नाहीं’ असें म्हणतांना अगदींच दुसरें. पहिल्या ‘बरोबर’चा अर्थ एवढाच कीं, अमुक गोष्टी गृहीत धरल्या तर तमुक गोष्ट त्यांतून निघते. दुसऱ्याचा अर्थ असा कीं, जें झालें तें व्हावयास पाहिजेच होतें. गणिताचा शिक्षक जन्मभर पहिल्या अर्थानें बोलतो. ऐकणारा, विशेषतः ज्याच्या घरीं बैल विकण्याची वेळ आली आहे तो, दुसऱ्या अर्थानें ऐकतो. आम्हीं वर्गांत सांगितलें तें पहिल्या अर्थानें खरें होतें. घरीं पोहोंचलें तें दुसऱ्या अर्थानें, आणि तें खोटें होतें. मधल्या वाटेंत खोटें कोण बोललें? मुलगा नाहीं, आम्हीहि नाहीं. सावकारसुद्धां, फळ्यावरच्या गुणाकारापुरता, खोटें बोलला नव्हता. आणि तरी एक असत्य घडलें. नीतिशास्त्राच्या पुस्तकांत असत्याला वक्ता असतो. येथें तो सांपडत नाहीं, हीच खरी अडचण आहे.

‘‘त्यांत तुमचा काय दोष? तुम्हांला काय ठाऊक?’’ असें म्हणून एका स्नेह्यानें आमचें समाधान केलें. ठाऊक नव्हतें हें खरें. पण जें ठाऊक होतें तें तरी आम्हीं कोठें सांगितलें? महाराष्ट्रांत सावकारीच्या नियमनाचा नवा कायदा २०१४ सालीं झाला. परवान्यावांचून सावकारी करणें हा त्यानें गुन्हा ठरविला आहे, आणि मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करण्यास मनाई केली आहे. परवानाधारकांना सरकारनें ठरवून दिलेले दर वर्षाला शेंकडा छत्तिसाच्या जवळपासहि जात नाहींत. हें सर्व आम्हीं वर्तमानपत्रांत वाचलेलें होतें. केवळ दामदुप्पटीच्या नियमानें त्या घरचे सोळाशेंच रुपये वांचले असते; खरी मेख दरांत होती. म्हणून दरमहा शेंकडा तीन हे शब्द कानांवर पडतांच तें सारें आठवावयास हवें होतें. आठवलें नाहीं, कारण फळ्यासमोर उभे असतां तो आमच्या दृष्टीनें कोणाच्या मानेवर बसलेला दर नव्हता; सूत्रांतलें एक अक्षर होतें.

प्रत्येक उदाहरणाच्या माथ्यावर ‘दिलेलें’ असें लिहिण्याची पद्धत आहे. दिलेलें मुद्दल, दिलेला दर, दिलेली मुदत. कोणीं दिलें, हें विचारण्याची पद्धत नाहीं. ही संवय आजचीहि नव्हे. भास्कराचार्यांनीं ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतींत पंचराशिकाचें एक उदाहरण आहे: शंभरांवर महिन्याला पांच व्याज, तर सोळांवर वर्षाचें किती? उत्तर नऊ आणि तीन पंचमांश. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, आमच्याकडचा सावकार आज जी भाषा बोलतो, शेंकड्याची आणि महिन्याची, तीच या उदाहरणाची भाषा आहे. वर्षाच्या दराची बोली बँकांची. आतां हे पांच कोठले? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत व्याजाचे दर वर्णपरत्वें सांगितले आहेत: महिन्याला शेंकडा दोन, तीन, चार आणि पांच, ब्राह्मणाकडून दोन, शूद्राकडून पांच. म्हणजे लीलावतींतलें ‘दिलेलें’ हें त्या यादींतल्या सर्वांत वरच्या दराशीं जुळतें, आणि तो दर सर्वांत खालच्या मानलेल्या माणसाला लावलेला होता. आचार्यांनीं तो आंकडा तेथूनच उचलला असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. पांचाचा गुणाकार सोपा, एवढेंहि कारण पुरेसें असेल. परंतु अशा एका निरुपद्रवी आंकड्याच्या पाठीमागें केवढी समाजरचना उभी असूं शकते, हें त्यावरून दिसतें. विद्यार्थी गुणतो, भागतो, उत्तराखालीं दोन रेघा ओढतो, आणि त्या रचनेला हात न लावतां पुढच्या उदाहरणाकडे वळतो. गंमत अशी कीं, एकदम घेतलेलें व्याज दुपटीपलीकडे जाऊं नये ही मर्यादाहि त्याच स्मृतीनें घातली आहे. विषमता लिहून ठेवणाऱ्यालासुद्धां हें चक्र कोठें तरी थांबवावें लागेल याची जाणीव होती. सूत्राला ती नाहीं. मुदत एक वर्ष काय आणि शंभर वर्षें काय, सूत्र चालतच राहतें.

आमच्या मुलखाचा गणिताशीं संबंध तर याहूनहि जुना आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःला लत्तलूरपुराचे अधीश्वर म्हणवीत, आणि तें लत्तलूर म्हणजे आजचें लातूर असें विद्वान् मानतात. आमच्या शेजारच्या कंधारचें नांवहि त्या घराण्याशीं जोडलेलें आहे. त्याच घराण्यांतल्या अमोघवर्षाच्या कारकीर्दींत, नवव्या शतकांत, महावीराचार्य या जैन पंडितानें गणितसारसंग्रह हा ग्रंथ रचला; १९१२ सालीं तो मद्रासेस इंग्रजी भाषांतरासह छापून निघाला. ग्रंथारंभीं गणिताची थोरवी गातांना अर्थशास्त्रापासून पाकशास्त्रापर्यंत, वैद्यकापासून वास्तुविद्येपर्यंत गणित कोठें कोठें लागतें याची मोठी यादी आचार्यांनीं दिली आहे, आणि पुढें व्याजाचीं उदाहरणेंहि भरपूर घातलीं आहेत. पहिल्या तासाला ही यादी आम्ही कौतुकानें सांगत असूं. आतां सांगतांना थोडें अडखळावयास होतें. ज्याचा संचार सर्व घरांतून आहे, त्याला ‘मी त्या घरांत नव्हतों’ असें म्हणण्याची सोय राहत नाहीं.

आमचे एक सहकारी, वयानें लहान पण बुद्धीनें तल्लख, या सगळ्या विवंचनेला हंसतात. त्यांचें म्हणणें असें कीं, गणितवाल्यानें गणित शिकवावें. सुरीला धार लावणारा जर, सुरी कोण कशाला वापरणार हें विचारीत बसला तर गांवांत भाजी चिरली जावयाची नाहीं. एवढ्यावर ते थांबले असते तर उत्तर देणें कठीण नव्हतें. पण ते पुढें म्हणाले, ‘‘तुमच्या मुलांना हळहळ नको आहे, रीत हवी आहे. तुम्ही तासातासाला व्याजाचें पाप-पुण्य काढीत बसलांत तर शहरांतल्या मुलांना सूत्र येईल, आणि आपल्यांना सूत्राविषयींची कणव तेवढी येईल. नोकरी कोणाला लागेल तें सांगा.’’ हें बोलणें आम्हांला लागलें, आणि त्याचें कारण तें पुष्कळ अंशीं खरें आहे. त्या बापाला जर स्वतः चक्रवाढीचा हिशेब येत असता, तर त्यानें पन्नास हजारांच्या कागदावर ४८,५०० घेतांना अंगठा आंखडला असता. निदान काय घडतें आहे तें त्याला दिसलें असतें.

हिशेब न येणारा माणूस मनानें मोठा असतो, अशी एक भाबडी समजूत आपल्याकडे आहे, आणि ती संतांच्या नांवावर खपविली जाते. तुकोबांनीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं ही कथा आपण सर्व अभिमानानें सांगतों. पण महीपतीनें सांगितलेली ती कथा नीट ऐकावी. खतांचे आधीं दोन वांटे झाले. धाकट्या भावाचा वांटा त्याचा त्याला मिळाला, आणि मग तुकोबांनीं बुडविलीं तीं स्वतःच्या वांट्याचीं. म्हणजे बुडविण्यापूर्वीं वांटणी पहिल्या अर्थानें बरोबर झाली होती. दुसऱ्याचें येणें बुडवून त्यांनीं औदार्य दाखविलें नाहीं. इकडे पैठणच्या नाथांची कथा. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेंत असतां जमाखर्चांतली एका पैची चूक सांपडेना, म्हणून त्यांनीं रात्र जागविली, आणि ती सांपडली तेव्हां आनंदानें टाळी वाजविली. तेव्हां स्वामींनीं सांगितलें कीं, हीच एकाग्रता ईश्वराकडे लाव. कीर्तनकार येथें हिशेबाला खालच्या पायरीवर बसवून पुढें जातात. आम्हांस मात्र असें दिसतें कीं, चूक शोधणें सोडून दे असें स्वामींनीं म्हटलें नाहीं. चूक सांपडल्यानंतरच ते बोलले. हाच उपदेश त्यांनीं रात्रीच्या पहिल्या प्रहरीं केला असता तर जमाखर्च तसाच चुकीचा राहिला असता, आणि ती पै कोणाची तरी होती.

गणित आणि अर्थशास्त्र हे दोन्ही विषय शिकविलेला आपल्याकडचा सर्वांत थोर प्राध्यापक म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं हे दोन्ही विषय शिकविले. त्यांचें अंकगणिताचें पुस्तक शाळांतून दीर्घकाळ चाललें. १९०२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत त्यांनीं अंदाजपत्रकावर पहिलें भाषण केलें त्या वेळीं सरकारच्या तिजोरींत शिल्लक होती, आणि शिल्लक हें भरभराटीचें लक्षण आहे असें सरकारपक्षाचें म्हणणें होतें. सरकारची बेरीज चुकली आहे असें गोखल्यांनीं म्हटलें नाहीं. बेरीज बरोबरच होती. त्यांनीं विचारलें तें हें कीं, ही शिल्लक कोणाच्या खिशांतून आली? रुपयाचा भाव घसरत होता तेव्हां विलायतेस पाठवावयाच्या रकमांची तूट भरून काढण्यासाठीं कर वाढविले. पुढें रुपयाचा भाव चढला, तूट गेली, आणि कर मात्र जागच्या जागीं राहिले. मिठावर मणामागें अडीच रुपये कर होता. पुढच्याच वर्षीं तो दोन रुपयांवर आला. त्याचें श्रेय एका भाषणाला देणें बरोबर होणार नाहीं (पहा, हा शब्द पुन्हां आलाच). परंतु उत्तर तपासून झाल्यावर ‘दिलेलें’हि तपासावयाचें असतें, हें त्या अंकगणिताच्या शिक्षकाला पक्कें ठाऊक होतें.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल हेहि मूळचे गणिती. १९०६ सालीं बाउली यांस लिहिलेल्या एका पत्रांत त्यांनीं अर्थशास्त्रांत गणित कसें वापरावें याचे कांहीं नियम सांगितले आहेत. गणिताचा उपयोग लघुलिपीसारखा करावा, मग सर्व कांहीं साध्या इंग्रजींत उतरवावें, जीवनांतलीं महत्त्वाचीं उदाहरणें द्यावींत, आणि शेवटीं गणित जाळून टाकावें, असा त्यांचा मथितार्थ. जाळण्याची गोष्ट आमच्यासारख्या पोटार्थी गणितशिक्षकाला परवडणारी नाहीं. भाषेंत उतरविण्याची मात्र परवडते. म्हणून गेलीं कांहीं वर्षें आम्हीं असा परिपाठ ठेवला आहे कीं, उत्तराखालीं दोन रेघा ओढल्यावर विद्यार्थ्यानें एक मराठी वाक्य लिहावें: कोण कोणाला किती देतो, आणि कशाबद्दल. मुलांनीं कुरकुर केली. बहुतेक जण ‘कर्जदार सावकाराला देतो’ एवढें लिहून मोकळे होतात. हेंहि एक सूत्रच होऊन बसलें आहे. एका मुलीनें मात्र आम्हांला अडचणींत टाकलें. मजुरीचा दर इतका, यंत्राच्या तासाचें भाडें इतकें, तर किती मजूर लावले असतां खर्च कमींत कमी होईल, असें तें उदाहरण होतें. सध्यां बावीस मजूर आहेत हें त्यांत दिलेलें होतें. तिनें विकलन अचूक केलें, उत्तर चौदा काढलें, आणि खालीं वाक्य लिहिलें: आठ जणी घरीं बसतील. आम्हीं ‘मजूर’ असें लिहिलें होतें; ‘जणी’ हा शब्द तिचा. त्या वाक्याला गुण कसे द्यावेत हें आम्हांस कळेना. उत्तराचे पूर्ण गुण दिले, आणि वाक्यासमोर कांहींच लिहिलें नाहीं.

या वाक्यांपायीं पहिल्या वर्षीं अभ्यासक्रम पंधरा दिवसांनीं मागें पडला, रेषीय नियोजनाचें प्रकरण घाईंत उरकावें लागलें, आणि परीक्षेंत मोठा प्रश्न नेमका त्यावरच आला. आमच्या त्या तल्लख सहकाऱ्यांनीं याविषयीं कधीं चकार शब्द काढला नाहीं, हें त्यांचें सौजन्य.

शिवाय, त्या दिवशीं आम्हीं सर्व कांहीं विचारलें असतें, कायदाहि सांगितला असता, तरी काय झालें असतें? १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुप्यास शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून घेऊन जाळलीं. चार वर्षांनीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला, आणि खतावर लिहिलेल्या आंकड्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची वाट त्यानें न्यायाधीशाला मोकळी करून दिली. म्हणजे ‘दिलेलें’ कोणीं दिलें हें विचारण्याची बुद्धि कायद्याला १८७९ सालींच झाली होती. तरीहि आज आमच्या विद्यार्थ्याच्या खिशांत तो कागद असतो. निबंधकाकडे तक्रार करतां येते. पण पुढच्या मृगांत बियाण्याला पैसे पुन्हां त्याच दारीं मागावयाचे आहेत हें बापाला आमच्याहून अधिक चांगलें ठाऊक असतें. हिशेब कळला म्हणजे सुटका झाली, असें आम्ही कोणालाहि छातीवर हात ठेवून सांगूं शकत नाहीं. सांगूं शकतों तें इतकेंच कीं, तो बाप निवाडा मागावयास आला नव्हता. त्याच्या मनांत संशय होता, आणि त्या संशयाला आधार मिळतो का तें पाहण्यासाठीं त्यानें मुलाला आमच्याकडे धाडलें होतें.

मागच्या हिंवाळ्यांत आम्ही माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत हिंडत होतों. ही यात्रा आमच्याच तालुक्यांतली. तिचा जनावरांचा बाजार दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. दलाल रुमालाखालीं गिऱ्हाइकाचीं बोटें धरून भाव ठरवीत होते. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला आंकडा कळूं नये अशी ती जुनी रीत. तेथें तो मुलगा भेटला. आतां तो पुण्यास एका वित्तसंस्थेंत कर्जाच्या हप्त्यांचे तक्ते करतो. त्याच्याबरोबर वडील होते. बैल पाहावयास नव्हे, सोयऱ्यांच्या संगतीनें देवदर्शनास आले होते. मुलानें आमची ओळख करून दिली, तसे ते वांकून नमस्कार करूं लागले. आम्हीं त्यांचे हात धरले. म्हणाले, ‘‘सर, तुम्ही हिशेब बरोबर हाय म्हणलात, मन निवांत झालं बघा. न्हाईतर आम्ही भांडून बसलो असतो.’’

मुलगा कांहीं बोलला नाहीं.